न सांडलेले तेल

‘धाकटे काका श्रीधर यांना मोटारीच्या कामाची हौस होती, परंतु हौस आणि हातखंडा यांत अंतर असते. एका दसऱ्याला त्यांनी इंजिनचे तेल बदलले आणि खालचे बूच आवळायला ते विसरले. खालापूरच्या वाटेवर बूच गळून पडले, सारे तेल रस्त्यावर सांडले आणि कुंभिवलीनजीक इंजिन जळाले. माझे वडील थोडक्यात बचावले. पूज्य आजोबांनी मात्र मोठ्या मनाने धाकट्याला एका शब्दानेही दुखवले नाही.’

माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ निघालेल्या गौरविकेतला हा उतारा माझ्या पुतण्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, लिहिला आहे. गुळगुळीत कागदावर छापून, शेजारी माझे हसरे छायाचित्र घालून, त्याने ती मला सप्रेम भेट पाठवली. मी दूरध्वनी केला तेव्हा म्हणाला, ‘‘काका, इतकं काय मनावर घेता? बाबा गमतीनं सांगायचे तसंच लिहिलंय.’’ गंमत ज्याच्या जिवावर करायची त्याला आधी विचारावे, एवढी रीत आमच्या घरात पूर्वी होती. दादा आता नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये असे मला चारचौघांनी सांगून पाहिले. पण गेलेल्या माणसाचे असत्य छापून येते आणि जिवंत माणसाने गप्प बसायचे, हा न्याय मला मान्य नाही. त्या उताऱ्यात पाच वाक्ये आहेत. माझ्याविषयी त्यांत खरे आहेत ते पहिल्यातले ‘मोटारीच्या कामाची हौस होती’ एवढेच शब्द.

आमचे घर कर्जतला, स्टेशनाच्या अलीकडे. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिन जोडीत, आणि त्या जोडणीचा धक्का असा बसे की अण्णांच्या दवाखान्यातल्या बाटल्या फडताळात किणकिणत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्यात डॉक्टर होते. लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे आणि मोटारीचे तेल तर ओळखीपाळखीनेच मिळे. आमची मोटार चौकोनी, काळी, दुसऱ्याच्या हातून आलेली. अण्णा सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी तिला फडक्याने पुसत, तेव्हा आई माजघरातून विचारी, ‘‘माझ्या सवतीची आंघोळ झाली असेल तर चहा ओतू का?’’ दादा मुंबईला वकिलीचे शिक्षण घेत होता आणि सुट्टीत घरी आला की मोटार चालवी. त्याला ती चालवायला आवडे. मला ती चालती ठेवायला आवडे. दोन आवडींतला हा फरक आमच्या घरात कोणी कधी नीट ओळखला नाही. चालवणारा माणूस रस्त्यावरच्या सर्वांना दिसतो, मोटारीखाली आडवा झालेल्याचे फक्त पाय दिसतात.

‘बूच आवळायला विसरले’ असे लिहिणाऱ्याने जन्मात कधी मोटारीखाली डोके घातलेले नाही, हे उघड आहे. म्हणून तेल कसे बदलतात ते येथे सांगतो. अण्णांनी मला ते शिकवले ते शस्त्रक्रियेसारखेच. प्रथम इंजिन थोडा वेळ चालवून घ्यायचे, कारण थंड तेल घट्ट असते, ते गाळ तळाशी सोडून वरवर निघून जाते; हात लावला तर सोसेल पण ठेववणार नाही इतके ते तापले पाहिजे. जागा सपाट हवी. आमचे अंगण एका बाजूला किंचित उतरते होते, म्हणून अण्णा मोटारीच्या पायफळीवर पाण्याची ताटली ठेवून पाहत आणि पाणी एका कडेला गेले की त्या बाजूच्या चाकांखाली फळी सरकवायला लावीत. चाकांना पुढेमागे दगड. मग खाली जायचे. इंजिनच्या तळाशी तेलाचे भांडे असते, त्याला आम्ही चेंबर म्हणत असू. त्याच्या बुडाला बूच. ते पान्याने फक्त ढिले करायचे, पुढचे आटे बोटांनी फिरवायचे, आणि फिरवताना बूच वर दाबून धरायचे, म्हणजे शेवटच्या आट्याला हात झटकन बाजूला घेता येतो आणि तेल मनगटावरून कोपरापर्यंत उतरत नाही. खाली घमेले. निघालेले तेल दोन बोटांत चोळून उन्हात पाहायचे. काळे असणे हा त्याचा दोष नव्हे, चकाकणे हा दोष, कारण ती चकाकी इंजिनच्या आतल्या धातूची असते. बुचाखालची तांब्याची वायसर, म्हणजे भोकाची चकती, दर वेळी चुलीच्या निखाऱ्यात लाल करून पाण्यात टाकायची, म्हणजे ती मऊ पडते आणि फटीत बरोबर बसते. बूच आधी हाताने पुरते बसवायचे आणि मग पान्याने आवळायचे. ‘‘मनगटानं आवळ, खांद्यानं नको,’’ अण्णा म्हणत. ‘‘तू ते पुन्हा उघडणार आहेस.’’ त्यानंतर नरसाळ्यात धुतलेले मलमल ठेवून नवे तेल ओतायचे, मापाच्या सळईवर खूण पाहायची, इंजिन हँडलने दोनचार वेळा नुसते फिरवायचे, मग सुरू करून तेलाचा काटा वर चढतो की नाही ते बघायचे, बंद करायचे, थांबायचे, आणि सळई पुन्हा बघायची. आजही शेजारची मुले गरम इंजिन बंद करून लगेच सळई ओढतात आणि तेल कमी आहे म्हणून आणखी ओततात, तेव्हा मी गॅलरीतून ओरडतो. ती मुले मला खडूस म्हणतात. म्हणोत.

या सर्वांत आमच्या घरची एक रीत होती, आणि सारे प्रकरण तिच्याभोवती फिरते. तेल काढले की ज्या फडक्याने बूच पुसले तेच तेलकट फडके चालकाच्या हातातल्या चाकाला गाठ मारून बांधायचे. ते फडके चाकावर आहे तोवर इंजिन रिकामे आहे, मोटारीला कोणी हात लावायचा नाही. नवे तेल भरून, सळई अण्णांना दाखवल्यावरच गाठ सुटे. अण्णांनी ही रीत इस्पितळातून आणली होती. तिथे शस्त्रक्रिया चाललेल्या खोलीच्या दाराला असेच काहीतरी बांधीत. ती मला ठाऊक होती तशी दादालाही होती. त्यानेच मला प्रथम सांगितली होती.

त्या वर्षी माझे जे पणाला लागले होते ते गौरविकेत कुठेच नाही. मी मॅट्रिक होऊन घरी होतो. मुंबईत अण्णांच्या एका मित्राचा मोटार दुरुस्तीचा मोठा कारखाना होता, आणि दिवाळी झाली की मला तिथे शिकायला पाठवायचे अण्णांनी कबूल केले होते. आईला ते पसंत नव्हते. डॉक्टरांचा मुलगा, वकिलाचा भाऊ, आणि नखांत काळे घेऊन फिरणार. दादा तर सरळ म्हणे, ‘‘माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुझ्या नावापुढं काय छापू रे, फिटर?’’ त्याचे लग्न खालापूरच्या एका सधन घरात ठरले होते. अण्णांचा शब्द हा माझा एकटा आधार होता, आणि तो शब्द मोडायला घरातली माणसे निमित्त शोधत होती.

खंडेनवमीच्या सकाळी मी तेल काढायला घेतले. अण्णांनीच सांगितले होते, की दसऱ्याला मोटार आतून बाहेरून स्वच्छ हवी. माजघरात आईने श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगले होते, त्याचे पाणी पातेल्यात टपटपत होते, आणि अंगणात माझे तेल घमेल्यात टपटपत होते. मी नुकतेच बूच पुसून हाताने बसवले होते आणि पाना लावणार, एवढ्यात आई दारात आली. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असे: अण्णांच्या कात्र्या-चिमटे, विळी, कोयता, कुऱ्हाड, आणि मोटार आल्यापासून तिचे पानेही. एकदा हळदकुंकू वाहिले की दसऱ्याला संध्याकाळी सीमोल्लंघन होऊन उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. रोग्यासाठी लागणारी अवजारे तेवढी अण्णा वगळत.

‘‘पाने दे इकडे. गुरुजी खोळंबलेत.’’

‘‘आई, थोडं थांब. एवढं बूच आवळतो.’’

‘‘काल सांगितलं होतं ना? मुहूर्त तुझ्या बुचासाठी थांबत नाही. आणि तो तेलाचा डबापण दे. नवी वस्तू आहे, पूजेत राहू दे.’’

‘‘चक्क्यातलं पाणी पुरतं गळाल्याशिवाय तू त्याला हात लावू देतेस का?’’

‘‘चक्का खायचाय. तुझं तेल कुणी खाणार नाही.’’

पाने गेले, नव्या तेलाचा बंद डबाही गेला. मी चाकाला तेलकट फडके बांधले, अण्णांना दवाखान्यात जाऊन सांगितले, ‘‘चेंबर रिकामा आहे, तेल उद्या उत्तरपूजेनंतर भरतो,’’ आणि त्यांनी रोग्याची नाडी न सोडता मान हलवली. ‘विसरले’ या शब्दाचा अर्थ माझ्या पुतण्याने कोशात पाहावा. ज्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि ज्याने काम थांबवल्याची खूण बांधून ठेवली, तो माणूस काय विसरला?

दसऱ्याला अण्णा पहाटेच कळंबला एका बाळंतिणीकडे गेले. त्या घरची माणसे बोलवायला आली होती. दादा तेव्हा झोपला होता. मी आपट्याची पाने आणायला डोंगराच्या अंगाला गेलो. परत आलो तर अंगण मोकळे होते. चाकांमागचे दगड बाजूला, आणि झेंडूच्या पाकळ्या फाटकापर्यंत.

‘‘दादा खालापूरला गेलाय, सासुरवाडीला सोनं द्यायला,’’ आई म्हणाली. ‘‘जेवायच्या आत येतो म्हणाला.’’

‘‘चाकावरचं फडकं?’’

‘‘ते घाणेरडं? त्यानंच सोडलं आणि झेंडूचा हार बांधला. सणासुदीला चाकाला कसलं पोतेरं. मी ते बंबात घातलं.’’

मी देवघरात डोकावलो. डबा पूजेत होता, त्याच्या टोपणाचे सील जसेच्या तसे, वर कुंकवाचे बोट. मी सायकल काढली.

पळसदरी, खोपोली, पुढे कुंभिवली. तो सगळा रस्ता मी मान खाली घालून कापला, कारण मी तेलाचा डाग शोधत होतो. सापडला असता तर निदान मोटारीत तेल होते असे मानायला जागा राहिली असती. रस्ता कोरडा होता. कुंभिवलीच्या अलीकडे, एका आंब्याखाली मोटार उभी होती, बॉनेटमधून जळका वास येत होता, आणि दादा, नवा कोट, नवे धोतर, मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी, शेजारच्या नामा नावाच्या शेतकऱ्याच्या बाजेवर बसला होता. चेंबरच्या कप्प्यांत राहिलेल्या थोड्याशा तेलावर ती बिचारी एवढी आली हेच नवल. वाटेत ती ठोके देत होती, असे नामाने मला सांगितले; त्याने ते लांबून ऐकले होते.

‘‘म्या म्हनलं, लगीनघरचा ताशा वाजतोय का काय,’’ नामा म्हणाला. ‘‘मंग फाटदिशी बंद. उपाशी ठेवली व्हती का रं हिला?’’

दादा उठला. ‘‘श्री, तू बूच आवळलं नव्हतंस.’’

‘‘चाकावर फडकं होतं.’’

‘‘मी विचारतोय, बूच आवळलं होतंस का?’’

मी मोटारीखाली गेलो. बूच जागेवर होते, वायसरसकट. मी ते बोटांनी फिरवून काढले; आतून थेंब आला नाही. पुन्हा बसवले. ‘‘दादा, खाली ये. हात लावून बघ. पडलेलं नाही, आणि सांडायला आत काही नव्हतं.’’

‘‘माझे कपडे नवे आहेत.’’

‘‘डाक्टरांचं थोरलं, वाकून तर बघा,’’ नामा म्हणाला. ‘‘चावत नाय ती. आता तर मुळीच नाय चावायची.’’

दादा वाकला नाही. त्या एका वाकण्याने माझे आयुष्य वाचले असते, आणि त्याच्या धोतराला थोडी माती लागली असती. नामाने आपले बैल जुपून मोटार आपल्या अंगणात ओढली आणि तिच्यावर पेंढा टाकला. दादा खोपोलीपर्यंत चालत गेला आणि तिथून कर्जतच्या गाडीत बसला. मी सायकलने निघालो. माझ्या सायकलीआधी त्याची गाडी घरी पोहोचली, आणि गाडीबरोबर त्याची हकिकतही.

मी अंगणात पाऊल ठेवले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि जेवणाची पाने मांडली होती. अण्णा परत आले होते, पाटावर बसले होते, दमलेले. दादा सांगत होता, ‘‘बूच सैल होतं, अण्णा. त्याला विचारा, सैल होतं की नव्हतं.’’ आणि सैल तर ते होतेच, पान्यावाचून ते आणखी कसे असणार होते? खोटे बोलायची दादाला गरजच पडली नाही. त्याने एक खरा शब्द उचलला आणि त्याच्यापुढचे मागचे सारे कापून टाकले. पुढे तो चांगला वकील झाला याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. ‘बूच गळून पडले’ आणि ‘रस्त्यावर तेल सांडले’ ही भर पुढच्या वर्षांत, लग्नामुंजींच्या पंगतींत पडत गेली.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, चेंबर रिकामा होता. तुम्हाला सांगितलं होतं.’’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग दादाकडे. त्याचे लग्न दीड महिन्यावर होते. सणाच्या दिवशी नवरा मुलगा रिकाम्या इंजिनावर मोटार हाकून ती जाळतो, ही गोष्ट खालापूरला गेली असती तर काय झाले असते ते मलाही कळत होते. अण्णा म्हणाले, ‘‘जेवा आधी.’’ एवढेच. आईने श्रीखंड वाढले. त्याची चव मला आजही सांगता येणार नाही, कारण मी पानावरून उठलो होतो.

‘मोठ्या मनाने एका शब्दानेही दुखवले नाही’ असे माझा पुतण्या लिहितो. तो एक शब्दच मला हवा होता. अण्णा न्यायी होते, हजारो माणसे त्यांच्यावर विसंबत, आणि मीही त्यांच्यावर कमी प्रेम केले नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी एका मुलाचे लग्न राखण्यासाठी दुसऱ्याचे नाव खर्ची घातले, आणि हे मी त्यांच्या गौरविकेच्या निमित्ताने लिहितो आहे याची मला लाज वाटत नाही. दिवाळी झाली. मुंबईच्या कारखान्याचा विषय कोणी काढला नाही. मी काढला तेव्हा आई म्हणाली, ‘‘घरची एक मोटार जाळलीस, आता लोकांच्या जाळायला जातोस का?’’ अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. मी खालापूरच्या मामलेदार कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि तिथे माझी उमेदीची वर्षे गेली. मोहोपाड्याकडे कारखाने आले तेव्हा, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाल्यावर, मी विशीतल्या मुलांच्या रांगेत उभा राहून यंत्रशाळेत शिरलो. निवृत्त होईपर्यंत तिथल्या प्रत्येक इंजिनचे तेल माझ्या हुकमाखाली बदलले गेले, आणि माझ्या देखरेखीखाली एकही इंजिन कोरडे चालले नाही. हे गौरविकेत यावे असा माझा आग्रह नाही. तिथे आले आहे ते जावे, एवढाच आहे.

पुतण्याचे आक्षेप मला ठाऊक आहेत. फडके बंबात जळले, त्यामुळे ते होते याला पुरावा नाही. आई गेली. नामा गेला. बूच जागेवर होते हे मीच पाहिले, आणि मी तर आरोपी. सीलबंद डब्याबद्दल तो म्हणाला, ‘‘काका, डबे दोन असतील. एक तुम्ही भरला असेल.’’ लढाईच्या दिवसांत कर्जतमध्ये दोन डबे. पण ठीक आहे, असतील. फडके सोडून देतो, बूच सोडून देतो, डबाही सोडून देतो. माझा स्वतःचा एकही शब्द धरू नका.

त्याच गौरविकेत, चार पाने पुढे, अण्णांच्या सेवाभावाचा एक प्रसंग दिला आहे, आणि तो दादानेच वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितलेला आहे. तो शब्दशः खरा आहे. कळंबची माणसे अजून सांगतात. अण्णा बैलगाडीला फार कंटाळत, त्यांची पाठ दुखे, मोटार घेतल्यापासून त्यांनी बैलगाडीत पाऊल टाकले नव्हते. तरीही त्या दसऱ्याच्या पहाटे, बाळंतीण अडली असताना, घाई असताना, स्वतःची मोटार दाराशी उभी असताना, अण्णा कळंबला बैलगाडीतून गेले.